दोन नरांचा कज्जा

गिनीपिग हा प्राणी स्वभावाने इतका भित्रा आणि निरुपद्रवी समजला जातो, की मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटातून किंवा गावातल्या एखाद्या दुकानातून त्याची जोडी घरी आणताना, हे दोघे पुढे एकमेकांचे रक्त काढतील अशी शंकाही कुणाच्या मनाला शिवत नाही. वंशविस्तार नको म्हणून दोन्ही नरच निवडावेत, हा विचारही वरवर पाहता शहाणपणाचाच. आणि पहिले काही आठवडे ती पिल्ले गवताच्या एकाच ढिगात अंगाला अंग लावून झोपतात, एकाच वाटीत तोंड घालतात, तोवर तो चुकला असे वाटण्याचे कारण नसते. परंतु तिसऱ्या महिन्याच्या सुमारास नर वयात येतो, आणि तेथून वर्ष-सव्वा वर्षाचा होईपर्यंतच्या काळात, कालपर्यंत गुण्यागोविंदाने नांदणारे सख्खे भाऊ एके सकाळी फाटलेला कान आणि रक्ताळलेले नाक घेऊन पिंजऱ्याच्या दोन कोपऱ्यांत बसलेले आढळतात. अशा वेळी सारा दोष प्राण्यांच्या माथी मारून मोकळे होण्याकडे आपला कल असतो. वस्तुतः या कज्ज्याचे मूळ पुष्कळदा आपण त्यांना दिलेल्या जागेत आणि त्यांच्या संगोपनात असते.

गिनीपिगाचे मूळ घर दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वताच्या मुलुखात आहे. तेथील लोकांनी काही हजार वर्षांपूर्वी त्याला मांसासाठी माणसाळवले, आणि सोळाव्या शतकात त्या प्रदेशावर स्पॅनिश अंमल बसल्यानंतर तो युरोपात पोचला. त्याचे रानटी भाऊबंद आजही दक्षिण अमेरिकेच्या गवताळ रानांत आहेत, आणि त्यांच्यातील प्रौढ नर परस्परांना मुळीच खपवून घेत नाहीत. या रानटी आणि पाळीव जातींची तुलना करणारे संशोधन नॉर्बर्ट साक्सर यांनी क्युन्झ्ल यांच्यासह १९९९ साली प्रसिद्ध केले. माणसाच्या सहवासात पिढ्यान् पिढ्या काढलेल्या प्राण्यात आक्रमकता कमी, परस्परसहवासाची ओढ अधिक आणि ताणाच्या प्रसंगी शरीरात उसळणारी संप्रेरकेही मर्यादित, असे त्यातून दिसून आले. तथापि कमी होणे म्हणजे नाहीसे होणे नव्हे. साक्सर यांच्याच अन्य प्रयोगांतून असेही आढळले, की नर-माद्यांच्या मोठ्या कळपात, वडीलधाऱ्या नरांच्या धाकाखाली वाढलेला नर पुढे अनोळखी नरासमोर उभा राहिला तरी मारामारीवाचून मार्ग काढतो, आणि एकटा किंवा केवळ एका मादीच्या सोबतीने वाढलेला नर मात्र त्याच प्रसंगी थेट अंगावर धावून जातो. सलोख्याने राहण्याची रीतभात, म्हणजे, या प्राण्यालाही शिकावी लागते. आणि दुकानातील खोक्यातून कोवळ्या वयात आपल्या घरी आलेल्या दोन पिल्लांना ती शिकवणारे कुणी भेटलेलेच नसते.

पिंजऱ्यातील प्रत्येक धुसफूस ही लढाई नव्हे, हे मालकाने प्रथम ध्यानात घ्यावे. एक नर कमरेचा भाग डावी-उजवीकडे डोलवीत, घशातून अखंड घरघर काढीत दुसऱ्याभोवती संथपणे फिरतो, बूड जमिनीवर घासून आपला गंध सोडतो, प्रसंगी त्याच्या पाठीवर चढतो किंवा त्याला दोन-चार फेऱ्या पळवतो. हा सारा थोरल्या-धाकट्याचा मान ठरविण्याचा दस्तुर असून, धाकटा मुकाट्याने बाजूला झाला की प्रकरण तेथेच मिटते. अशा वेळी मध्ये हात घालून त्यांना विलग केल्यास तो निवाडा अर्धवट राहतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. परंतु दोघेही समोरासमोर ताठ उभे राहून माना उंचावू लागले, मानेवरचे केस पिंजारले, जबडा उघडून पुढचे दात दाखविले जाऊ लागले आणि दातांवर दात आपटण्याचा टकटक आवाज थांबेनासा झाला, तर पुढची पायरी झडप घालण्याची असते, आणि तिला एक क्षणही पुरतो.

या टप्प्यावर उघडा हात मध्ये घालणे हे धाडस नसून अविचार होय, कारण झुंजीच्या भरात धन्याचे बोट आणि वैऱ्याचा कान यांत त्या प्राण्याला भेद कळत नाही, आणि त्याचे पुढचे दात बोटात खोल रुततात. जाड टॉवेल दोघांवर टाकावा, किंवा पुठ्ठा अथवा केराची सुपली मध्ये सरकवावी, आणि मग एकेकाला टॉवेलात गुंडाळून निरनिराळ्या जागी ठेवावे. त्यानंतर चांगल्या उजेडात सर्वांग तपासावे. नाक, ओठ आणि कान यांवरचे चावे बहुधा समोरासमोरच्या झुंजीचे असतात, तर पाठीच्या मागल्या भागावरचे चावे पळून जाऊ पाहणाऱ्याला झालेले असतात. दाट केसांखाली ते नजरेस पडत नाहीत, म्हणून केस उलटे सारून बोटांनी चाचपावे लागते.

चाव्याच्या जखमेचा धोका तिच्या आकारावरून जोखता येत नाही. दात अरुंद भोक पाडून जंतू आत खोल सोडतो, वरची कातडी दोन दिवसांत मिटते, आणि आत पू साचून आठवड्याभरात तेथे गळू उभे राहते. म्हणून वरवरचा ओरखडा सलाइनने, किंवा लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात ९ ग्रॅम मीठ विरघळवून, धुऊन स्वच्छ ठेवावा. परंतु खोल भोक, फाटलेला ओठ, न थांबणारे रक्त किंवा डोळ्याजवळचा चावा असेल, तर त्याच दिवशी पशुवैद्याकडे जावे. स्पिरिट, हळद किंवा घरातील मलम लावण्याचा मोह टाळावा. स्पिरिटाने जखमेतील कोवळ्या पेशी जळतात, आणि बाकीचे तो प्राणी चाटून पोटात घेतो. पावसाळ्यात माश्या उघड्या जखमेत अंडी घालतात, तेव्हा तिच्यावर रोज लक्ष ठेवावे आणि अंथरूण कोरडे राखावे.

घरात उरलेली प्रतिजैविके देणे तर जिवावर बेतू शकते. पेनिसिलिन, अमॉक्सिसिलिन यांसारखी माणसांच्या नित्य वापरातील औषधे तोंडावाटे दिली गेली, तर गिनीपिगाच्या आतड्यातील उपकारक जंतू मरून क्लॉस्ट्रिडियम वर्गातील विषारी जंतू माजतात, आणि तो चाव्याने नव्हे तर औषधाने दगावतो. आहारातील ‘क’ जीवनसत्त्वाची गोष्टही अशीच महत्त्वाची. माणसाप्रमाणे गिनीपिगाच्या शरीरातही हे जीवनसत्त्व तयार होत नाही; १९०७ साली नॉर्वेतील आक्सेल होल्स्ट आणि थेओडोर फ्रॉलिख यांना या प्राण्यात स्कर्व्ही उत्पन्न करता आला, तो यामुळेच. ते कमी पडले की नवी कातडी धरणारा कोलॅजनचा धागा नीट विणला जात नाही आणि जखम रेंगाळते. त्याला रोज वजनाच्या दर किलोमागे १० ते ३० मिलिग्रॅम ‘क’ जीवनसत्त्व लागते. वाळलेल्या गवतासोबत ढोबळी मिरचीचा तुकडा नित्य दिल्याने ही गरज बऱ्याच अंशी भागते. जखमी प्राण्याचे वजन स्वयंपाकघरातील काट्यावर रोज करून टिपून ठेवावे. त्याने दिवसभर अन्नाला तोंड लावले नाही, तर आतड्यांची हालचाल मंदावते, आणि जखम किरकोळ असली तरी प्रसंग तातडीचा ठरतो.

पुढचा प्रश्न दोघांना पुन्हा एकत्र ठेवण्याचा. केवळ कुरबूर झाली असेल, तर दोघांना पुरेल अशी, निदान चौरस मीटरभर किंवा त्याहून मोठी जागा, दोन वाट्या, दोन पाण्याच्या बाटल्या आणि दोन्ही बाजूंनी बाहेर पडता येईल अशी दोन घरकुले दिल्यास पुष्कळदा समेट होतो. जवळपास मादी ठेवू नये, कारण तिच्या नुसत्या गंधानेही जुने वैर उफाळते. खच्चीकरणाने नरांमधील रुजलेले भांडण मिटेल याची हमी नसते. मात्र त्यानंतर सहा आठवडे थांबून त्या नराला माद्यांच्या सोबतीला ठेवता येते. खोल चावा घेऊन रक्त निघाले असेल, तर त्या दोघांना पुन्हा एका पिंजऱ्यात घालू नये, असा स्पष्ट निर्वाळा द्यावा लागतो. परंतु त्यांना एकटेही टाकू नये. गिनीपिगाला जातभाईंचा सहवास हवाच असतो, आणि स्वित्झर्लंडने तर २००८ सालापासून त्याला एकटे पाळण्यास कायद्याने मनाई केली आहे. मध्ये बारीक जाळीची भक्कम भिंत घालून दोघांना शेजारी ठेवावे, म्हणजे एकमेकांचा वास येतो, आवाज कानी पडतो, पण दात पोचत नाहीत. एवढी जागा आणि एवढी उसाभर ज्याला झेपणार नसेल, त्याने दोन नरांची जोडी घरी आणूच नये.