देवाने निवडले कुणाला?

पौलाने रोमच्या मंडळीला पत्र लिहिले ते इसवी सन ५७च्या आसपास, बहुधा करिंथ शहरातून. तो सांगत होता आणि तर्तिय नावाचा लेखनिक उतरून घेत होता. या पत्राचा आठवा अध्याय आनंदाच्या शिखरावर संपतो आणि नवव्याच्या तोंडालाच सूर खाली येतो. आपल्या भाऊबंदांसाठी स्वतः शापित व्हायचीही पौलाची तयारी आहे. हे भाऊबंद म्हणजे यहूदी. वचने त्यांना मिळाली होती, ख्रिस्त त्यांच्याच कुळात जन्मला होता, तरी त्यांच्यातल्या बहुतेकांनी त्याला नाकारले होते. मग देवाचा शब्द वाया गेला का? पौलाचे दुखणे हे होते.

याच अध्यायात याकोब आणि एसाव येतात. रिबेकेच्या पोटातली ही जुळी भावंडे. बरे-वाईट काही करण्याआधीच त्यांच्यातला एक निवडला गेला. पुढे फारोचे कठीण झालेले मन येते, कुंभार आणि माती येते. तारण कुणाचे व्हायचे हे देवाने आधीच ठरवून ठेवले आहे काय, या प्रश्नावर ख्रिस्ती जग सोळाशे वर्षे भांडत आले ते मुख्यतः या ओळींवरून.

सुरुवातीच्या शतकांतल्या ग्रीक धर्मपित्यांना हा अध्याय अवघड जात असे. माणसे जन्मतःच वेगवेगळ्या प्रकृतीची असतात, असे सांगणाऱ्या ज्ञानवादी पंथांशी त्यांचा सामना होता. त्यामुळे ओरिजेन, योहान ख्रिसोस्तम यांचा सगळा भर माणसाच्या इच्छास्वातंत्र्यावर राहिला. वळण दिले ते उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पोच्या ऑगस्टीनने. देव विश्वास ठेवणाऱ्यांना आधीच ओळखतो आणि म्हणून निवडतो, असे आधी त्याचेही मत होते. ३९६च्या सुमारास मिलानच्या सिम्प्लिसियानसने त्याला याकोब-एसावाबद्दल विचारले. उत्तर लिहिता लिहिता ऑगस्टीनचे मत फिरले: विश्वास हीच जर देवाची देणगी असेल, तर ती निवडीचे कारण कशी ठरणार? माणसाच्या इच्छास्वातंत्र्यावर भर देणाऱ्या पेलागियसशी त्याचा वाद व्हायला अजून अवकाश होता. वादात बचाव म्हणून हा सिद्धान्त जन्माला आला नाही. एका प्रामाणिक वाचनातून आला. पण त्या वाचनात पौलाचे इस्राएल मागे पडले आणि एकटा माणूस देवासमोर उभा राहिला, हेही तितकेच खरे.

नवव्या शतकात गॉट्शाल्क नावाच्या संन्याशाने ऑगस्टीनचे म्हणणे टोकाला नेले. ८४९मध्ये त्याला फटके मारून मठात कोंडण्यात आले.

सोळाव्या शतकातला जिनिव्हाचा धर्मसुधारक जॉन कॅल्विन याचे नाव या सिद्धान्ताला कायमचे चिकटले आहे. त्याच्या मुख्य ग्रंथाच्या १५५९च्या आवृत्तीत मात्र पूर्वनिवडीचा विचार देवाच्या स्वरूपाच्या भागात येत नाही. विश्वास, पश्चात्ताप, प्रार्थना यांची चर्चा झाल्यावर तो येतो. जिनिव्हात घरदार सोडून आलेले निर्वासित होते. आपले तारण आपल्या डळमळत्या मनावर अवलंबून नाही, या विचाराने त्यांना आधार दिला असणार. आज ज्यांना हा सिद्धान्त निव्वळ क्रूर वाटतो, त्यांनी ही माणसे डोळ्यांपुढे आणावीत. त्याच जिनिव्हात १५५१मध्ये जेरोम बोल्सेकने, यामुळे देवच पापाचा कर्ता ठरतो, असा आक्षेप घेतला आणि त्याला हद्दपार व्हावे लागले.

हा वाद सर्वांत रक्तरंजित झाला तो हॉलंडमध्ये. लायडनचा प्राध्यापक याकोबस आर्मिनियस १६०९मध्ये वारला. पुढच्याच वर्षी त्याच्या अनुयायांनी पाच कलमांचे निवेदन दिले: जे विश्वास ठेवतील त्यांना ख्रिस्तामध्ये तारायचे, हाच देवाचा ठराव. स्पेनशी तह करावा की लढावे या राजकारणात हा वाद गुंतला. नोव्हेंबर १६१८मध्ये डॉर्ड्रेख्त शहरात धर्मसभा भरली. इंग्लंड, जिनिव्हा आणि जर्मन प्रदेशांतून प्रतिनिधी आले. फ्रेंचांना त्यांच्या राजाने येऊ दिले नाही. दीडशेहून अधिक बैठकांनंतर आर्मिनियसचा पक्ष दोषी ठरला आणि सुमारे दोनशे पाळकांची पदे गेली. त्यांचा पाठीराखा, एकाहत्तर वर्षांचा मुत्सद्दी योहान फान ओल्डेनबार्नेव्हेल्ट, १३ मे १६१९ रोजी हेगमध्ये शिरच्छेदाला सामोरा गेला. कायदेपंडित ह्यूगो ग्रोशियसला जन्मठेप झाली. दोन वर्षांनी तो पुस्तकांच्या पेटीत लपून किल्ल्यातून निसटला. देवाच्या कृपेवरच्या मतभेदाला तलवार लागावी, ही गोष्ट कोणत्याही श्रद्धावंताला अस्वस्थ करणारी आहे.

अठराव्या शतकात इंग्लंडात जॉन वेस्ली आणि जॉर्ज व्हाइटफील्ड या दोन मित्रांत हाच वाद पेटला; वेस्ली आर्मिनियसच्या बाजूचा, व्हाइटफील्ड कॅल्विनच्या. पण व्हाइटफील्ड १७७०मध्ये वारला तेव्हा त्याच्या स्मरणार्थ प्रवचन केले ते वेस्लीनेच. हे दोन्ही प्रवाह आपल्याकडेही पोचले. १८१३मध्ये मुंबईत आलेले अमेरिकन मिशनरी आणि १८२९मध्ये आलेले स्कॉटिश जॉन विल्सन हे कॅल्विनच्या परंपरेतले. १८७०नंतर आलेले मेथडिस्ट वेस्लीच्या. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली, तेव्हा प्रेस्बिटेरियन आणि काही मेथडिस्ट एकाच मंडळीत आले.

पण या दोन्ही पक्षांनी एक गोष्ट बहुतेक गृहीतच धरली होती: निवड एकेका माणसाची होते. विसाव्या शतकात या गृहीतकालाच हात घातला गेला. उत्पत्तीच्या पुस्तकात रिबेकेला सांगितले जाते ते तिच्या पोटात दोन राष्ट्रे आहेत असे. मलाखी संदेष्टा याकोब-एसावांची नावे घेतो ती इस्राएल आणि अदोम या लोकांसाठी, त्या भावंडांनंतर कित्येक शतकांनी. पौल हे दोन्ही उतारे वापरतो. इफिसकरांस पत्रातही निवड आहे ती ख्रिस्तामध्ये. अभ्यासक विल्यम क्लाइन यांनी १९९०च्या आपल्या पुस्तकात हेच मांडले: देवाने निवडला तो ख्रिस्त आणि त्याच्यात सामावलेला समाज. दिंडीचा मार्ग आणि मुक्काम ठरलेला असतो. जो तिच्यात चालतो तो पंढरपूरला पोचतो. तसेच हे. खुद्द आर्मिनियसनेही याकोब आणि एसाव यांना विश्वासाने चालणारे आणि कर्मावर विसंबणारे अशा दोन वर्गांची प्रतीके मानले होते, हे आज फारसे कुणी सांगत नाही.

यावर टॉमस श्राइनर यांच्यासारख्या अभ्यासकांचे उत्तर वजनदार आहे. माणसांशिवाय समाज असतो का? देवाने रिकामा गट निवडला, असे कसे म्हणायचे? त्याच पत्राच्या सोळाव्या अध्यायात पौल रूफ नावाच्या माणसाला सलाम सांगतो, आणि त्याला एकट्याला प्रभूमध्ये निवडलेला म्हणतो. पाठोपाठ त्याच्या आईचीही आठवण काढतो, ती माझीही आई आहे म्हणून. इथे राष्ट्र नाही; नाव असलेला, आई असलेला माणूस आहे. शिवाय विश्वास येतो कुठून, हा ऑगस्टीनचा प्रश्न सामूहिक निवडीने सुटत नाही, एक पायरी मागे जातो एवढेच.

तरीही नवव्या अध्यायापुरते मला सामूहिक अर्थाचे पारडे जड वाटते, कारण अकरावा अध्याय. तिथे जैतुनाच्या झाडाच्या काही फांद्या अविश्वासामुळे तोडल्या जातात, रानटी फांद्या कलम केल्या जातात, आणि तोडलेल्याही पुन्हा लावता येतात. मुळापासून पौलाचे बोलणे चालले आहे ते इस्राएल आणि परराष्ट्रीय यांच्याविषयी. प्रत्येकाचा निवाडा जन्माआधीच मिटलेला असता, तर कलम केलेल्या फांद्यांना फुशारकी मारू नका असे इतक्या कळकळीने बजावण्याला अर्थ उरला नसता.

ही ताकीद चर्चने शतकानुशतके ऐकली नाही. विसाव्या शतकात मात्र ती ऐकू येऊ लागली. धर्मशास्त्रज्ञ कार्ल बार्थने हिटलरशी निष्ठेची बिनशर्त शपथ घ्यायचे नाकारले आणि बॉनमधली प्राध्यापकी गमावली. नंतर बाझलमधून १९४२मध्ये त्याने निवडीच्या सिद्धान्तावरचा खंड प्रसिद्ध केला. त्यात आधी ख्रिस्ताची निवड, मग इस्राएल आणि मंडळी मिळून होणाऱ्या समाजाची, आणि सर्वांत शेवटी व्यक्तीची, असा क्रम आहे. युरोपात यहूद्यांची कत्तल चालू होती ते हे वर्ष. ख्रिस्तेतर धर्मांशी असलेल्या नात्यावर कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी घोषणापत्र काढले, तेव्हा यहूद्यांविषयीच्या भागात आधार घेतला तो रोमकरांस पत्रातल्या याच अध्यायांचा. यहूदी देवाने टाकलेले किंवा शापलेले आहेत असे शास्त्राच्या नावाने सांगू नये, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे.