ऐनाच्या पानापासून करवतीच्या काठापर्यंत

लोककथा आणि निसर्ग यांतून उभ्या राहिलेल्या वस्त्रकलेवर हल्ली दर दिवाळीला कुणी ना कुणी लिहितंच. सेंद्रिय कापूस, खादी, झाडापानांचे रंग, जुन्या लुगड्यांच्या गोधड्या हे सगळं वाचकांच्या परिचयाचं आहे. त्यात मी रेंगाळत नाही.

आयर्लंडकडे मात्र थोडं थांबतो, कारण आमच्याकडच्या पुष्कळ लोकांनी तिकडची नक्षी पाहिली आणि तिच्यामागचा विचार सोडून दिला. ईव्हलिन ग्लीसन यांनी १९०२ मध्ये डब्लिनजवळच्या डन्ड्रमला 'डन एमर गिल्ड' सुरू केलं. एमर ही केल्टिक कथांतल्या कूहुलिन या वीराची पत्नी, शिवणकामात निपुण म्हणून गाजलेली. पण गिल्डची खरी थोरवी नावात नव्हती. भरतकामाचं लिनन, गालिच्यांची लोकर, छापखान्याचा कागद, सगळं शक्य तेवढं आयरिशच हवं, असा तिथे आग्रह होता आणि गावातल्या मुलींच्या हाताला त्यातून काम मिळत होतं. स्कॉटलंडच्या हॅरिस ट्वीडला तर १९९३ च्या कायद्याचंच कवच आहे: लोकर आउटर हेब्रिडीज बेटांवरच रंगवायची, तिथेच कातायची आणि बेटकऱ्यांनी आपापल्या घरी विणायची. कथा, माती आणि मजुरी तिन्ही एका जागी.

आता आमच्याकडे या. भंडारा जिल्ह्यातलं चिखला म्हटलं की लोकांना मॅंगनीजची खाण आठवते. मला आठवतो तो ऐन. ऐन आणि अर्जुन या झाडांवर कोशाची, म्हणजे तसर रेशमाची, अळी वाढते, आणि तिच्यावाचून मोहाडी-आंधळगावच्या मागांना अर्थ नाही. तुतीची अळी घरात पाळली जाते. ही उघड्या रानात, झाडावर. पाऊस सुरू झाला की ढिवर कुटुंबं रानात राखणीला बसतात. कावळे, गांधीलमाश्या, मुंग्या सगळ्यांचाच अळीवर डोळा. चार वेळा कात टाकून ती कोष विणते, देठानं फांदीला पक्का बांधून. त्या धाग्याचा मधासारखा रंग जन्मजात असतो. त्याच्यावर रंग चढवणं मला कधीच पटलं नाही.

लोकश्रद्धा शोधायची तर इथे शोधा. अळ्या झाडावर असेपर्यंत राखणाऱ्यानं सोवळं पाळायचं, खाण्यापिण्याचे निर्बंध सांभाळायचे, असं जुनी माणसं सांगत. आमच्या काही अभ्यासू मित्रांनी याला अंधश्रद्धा म्हणून बाजूला सारलं. त्यांच्याशी मी आयुष्यभर भांडलो. रेशमाच्या अळीचा पेब्रिन रोग मादीकडून अंड्यात उतरतो, हे लुई पाश्चर यांनी १८६५ नंतरच्या संशोधनात दाखवून दिलं, आणि मादी सूक्ष्मदर्शकाखाली तपासूनच अंडी घ्यायची पद्धत पडली. सोवळ्यानं पेब्रिन टळत नाही, हे मलाही मान्य. पण हा जीव नाजूक आहे, त्याच्याजवळ सांभाळून वागावं, ही जाण त्या नियमांत होती, आणि ती आज आपण हरवून बसलो आहोत.

आणि करवत! करवतकाठी साडीसाठी मी जन्मभर लेखणी झिजवली, तेव्हा इथे सविस्तर लिहिण्याचा हक्क मला आहे. अंग कोशाचं, काठ सुती. तीन धोटे चालतात: दोन काठांचे दोन, मधल्या अंगाचा एक. काठाचा आडवा धागा काठापुरताच जातो, अंगाच्या धाग्यात अडकतो आणि मागे फिरतो. उभा आणि आडवा धागा एकाच रंगाचा, म्हणून काठ असा भरीव दिसतो. ही अडकवण टप्प्याटप्प्यानं पुढेमागे सरकवली की करवतीचे दाते उमटतात. ते कापडावर काढलेले नसतात. दाते काढून टाकायचे तर साडीच उसवावी लागेल. जी नक्षी विणीतच असते तिलाच मी लोककला म्हणतो. पॉलिएस्टरवर छापलेले दाते, किंवा कुणा आदिवासी चित्राची पिशवीवर उमटवलेली प्रत, हा निसर्गप्रेमाचा देखावा आहे. आमच्या क्षेत्रातल्या एका नावाजलेल्या जाणकारांनी छपाईला 'परंपरेचं लोकशाहीकरण' म्हटलं होतं. कोष्ट्याचा माग बंद पडला, तर ही लोकशाही कुणाची?

अहिंसक रेशमाचा गवगवाही मला अपुरा वाटतो. पतंग उडून गेल्यावरच्या फुटक्या कोशातून हातानं ओढलेलं घिचा सूत आपल्या बायका पूर्वीपासून काढत आल्या. खडबडीत, तुटक, पण देखणं. त्याला बाजारात मान नव्हता. आता इंग्रजी नाव मिळाल्यावर आला.

सरकारी योजनांचं थोडक्यात उरकतो. १९८५ चा हातमाग आरक्षण कायदा कागदावर आहे. २०१५ पासून ७ ऑगस्टला हातमाग दिवस साजरा होतो, आणि २०२० मध्ये अखिल भारतीय हातमाग मंडळच बरखास्त झालं. करवतकाठीला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा आनंद आहे. पण रानातला कोष परवडत नाही म्हणून मागावर परदेशी तसर चढू लागला, तर त्या मानांकनात आमचं काय उरलं?

माझी मागणी जुनीच आहे. साडीच्या चिठ्ठीवर विणकराच्या गावाबरोबर कोष ज्या रानात राखला त्या गावाचंही नाव छापा, आणि किमतीतला ठरलेला वाटा त्या राखणाऱ्याच्या हाती द्या. हॅरिसच्या बेटकऱ्यांना जे जमलं, ते भंडाऱ्याला जमत नाही हे मी मानायला तयार नाही.