डिचोलीचं न झालेलं युद्ध

रात्रीचे साडेअकरा. उद्या प्रेझेंटेशन. विषय सरांनी आजच दिलाय असं तुम्ही घरी सांगितलंय, खरं तर त्याला पंधरा दिवस झालेत. मग काय, सर्चमध्ये विषय टाकायचा, विकिपीडियाचं पान उघडायचं आणि कंट्रोल-सी, कंट्रोल-व्ही! लाजू नका, सगळे हेच करतात. ‘विकिपीडियावर विश्वास ठेवू नका, तिथे कुणीही काहीही लिहितं,’ असं वर्गात बजावणारे सरही स्टाफरूममध्ये गेल्यावर तेच पान उघडतात.

विश्वास ठेवायचा की नाही, हे नंतर बघू. आधी एक गोष्ट ऐका.

जुलै २००७ मध्ये इंग्रजी विकिपीडियावर एक नवा लेख आला. विषय होता डिचोली संघर्ष. गोव्यातल्या डिचोलीच्या परिसरात १६४० ते १६४१ या काळात पोर्तुगीज आणि मराठा साम्राज्य यांच्यात युद्ध पेटलं आणि शेवटी तह झाला, असं त्यात लिहिलं होतं. लेख चांगला साडेचार हजार शब्दांचा. भाषा अभ्यासू, खाली संदर्भग्रंथांची रीतसर यादी. त्याच वर्षी विकिपीडियाच्या संपादकांनी त्याला ‘चांगला लेख’ हा दर्जाही देऊन टाकला. हा दर्जा मिरवत तो पाच वर्षं तिथे होता.

आता तुम्ही जरा आकडेमोड करा. शिवाजी महाराजांचा जन्म १६३० चा. म्हणजे १६४० मध्ये महाराज दहा वर्षांचे. राज्याभिषेक १६७४ चा. मग १६४० मध्ये हे ‘मराठा साम्राज्य’ आलं कुठून? डिचोली तेव्हा आदिलशाहीत होती. पोर्तुगीजांच्या ताब्यात ती गेली थेट अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, नव्या काबिजादींबरोबर. थोडक्यात, असं युद्ध कधी झालंच नव्हतं. कुणीतरी बसून अख्खंच्या अख्खं रचलं होतं. चौथीच्या पुस्तकात महाराजांचा इतिहास शिकलेलं आपलं एखादं पोरगं तिथे असतं, तर पहिल्याच ओळीला त्याने हात वर केला असता!

पण थाप पचली, कारण तिच्यातला कच्चा माल खरा होता. डिचोली हे गाव खरं. पोर्तुगीज खरे, मराठे खरे. त्यांच्यात लढायाही झाल्याच की. संभाजी महाराजांची १६८३ ची गोव्याची मोहीम आहे, चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये घेतलेली वसई आहे. म्हणून, नावं ओळखीची वाटली की आपण सनावळी तपासत नाही.

मग ती पकडली कशी? डिसेंबर २०१२ मध्ये टोपणनावाने काम करणाऱ्या एका संपादकाने अगदी साधी गोष्ट केली. लेखाखाली दिलेली पुस्तकं शोधली. मुख्य पुस्तकंच सापडेनात. ती कुणी छापलीच नव्हती. लेख काढून टाकला गेला.

म्हणजे सगळा विकिपीडिया फेकाफेकी? तसंही नाही हं. २००५ मध्ये ‘नेचर’ या विज्ञान साप्ताहिकाने विकिपीडिया आणि ब्रिटानिका विश्वकोशातले विज्ञानाचे ४२ लेख तज्ज्ञांकडून तपासून घेतले. एका लेखामागे विकिपीडियात सरासरी चार चुका निघाल्या आणि ब्रिटानिकात तीन. ब्रिटानिकावाले या तपासणीवर जाम भडकले, तो भाग वेगळा.

माझ्या मते खरा प्रश्न आहे तो पानावरच्या वर्दळीचा. भर बाजारात कुणी खिसा कापला तर दहा जण ओरडतात, सुनसान बोळात कुणी ओरडत नाही. सप्टेंबर २०२२ मधला आशिया कपचा भारत-पाकिस्तान सामना आठवा. अर्शदीपच्या हातून कॅच सुटला आणि त्याच्या पानावर कुणीतरी खलिस्तानचा संबंध जोडणारा घाणेरडा बदल केला. मिनिटांत तो काढलाही गेला. (स्क्रीनशॉट मात्र रात्रभर फिरले. त्याला विकिपीडिया तरी काय करणार!) डिचोलीच्या पानाकडे मात्र पाच वर्षं कुणी वळून पाहिलं नाही. आपला मराठी विकिपीडिया १ मे २००३ ला सुरू झाला, पण इंग्रजीच्या तुलनेत इथे राबणारे हात फारच थोडे. तेव्हा मराठी पान वाचताना आपण बोळात आहोत असंच समजा.

खाली संदर्भ दिलाय म्हणजे झालं, असंही नाही. कोआटी नावाचा एक लांब नाकाचा अमेरिकी प्राणी आहे. २००८ मध्ये अमेरिकेतल्या एका विद्यार्थ्याने गंमत म्हणून त्याच्या पानावर लिहिलं की याला ‘ब्राझिलियन आर्डवार्क’ असंही म्हणतात. आर्डवार्क राहतो आफ्रिकेत, दोघांचा काडीचा संबंध नाही. पण वर्तमानपत्रांनी ते नाव उचललं, पुस्तकांत गेलं आणि मग त्यातलीच एक बातमी विकिपीडियावर त्या वाक्याचा पुरावा म्हणून चिकटवली गेली. आपणच उठवलेली अफवा चार तोंडांतून फिरून आपल्याच कानावर यावी, तसं!

हे पकडायची सोय मात्र पानावरच आहे. वर ‘इतिहास पहा’ असं लिहिलेलं असतं, तिथे कधी बोट लावलंय? कुठलं वाक्य कुणी, कोणत्या तारखेला घातलं, सगळं निघतं. वाक्य २००८ चं आणि त्याचा पुरावा २०१० चा असेल, तर समजायचं की गाडी उलटी चाललीय. शेजारी ‘चर्चा’ असते. तिथली भांडणं वाचा, लेखापेक्षा जास्त कळतं. ‘संदर्भ हवा’ असा शिक्का असलेलं वाक्य स्लाइडवर घेऊच नका. आणि पुस्तकाचं नाव दिलं असेल तर ते पुस्तक खरंच आहे का, एवढं तरी शोधा. दोन मिनिटं लागतात. एमपीएससीची तयारी करणाऱ्यांनी तर यात अजिबात आळस करू नये. एका चुकीच्या सनाने गेलेला मार्क परत मागायला विकिपीडियाकडे जाता येत नाही.

‘आम्ही आता विकिपीडिया बघतच नाही, एआयला विचारतो,’ असं काहीजण म्हणतील. अरे, तो चॅटबॉटही विकिपीडिया वाचूनच शिकलाय! फरक एवढाच की त्याच्या उत्तरावर ‘इतिहास पहा’ नसतं.

डिचोलीचा तो लेख अजून वाचायला मिळतो बरं का. विकिपीडियाने आपल्या फसलेल्या लेखांची एक यादीच ठेवलीय, तिच्यात तो आहे. एकदा वाचून बघा आणि प्रामाणिकपणे सांगा, कितव्या परिच्छेदाला तुम्हाला शंका आली असती?