रक्तातील वाढलेले क्रिएटिन कायनेज : अर्थ व मर्यादा

प्रस्तावना : रक्ततपासणीच्या अहवालात ‘सी.पी.के.’ या नोंदीपुढील आकडा ठळक छापलेला दिसला की सुशिक्षित व्यक्तीही धास्तावते. हा आकडा काय सांगतो आणि काय सांगत नाही, हे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

स्वरूप : क्रिएटिन कायनेज हे प्रामुख्याने स्नायुपेशींत आढळणारे विकर होय. क्रिएटिन फॉस्फेटमधील फॉस्फेट गट ए.डी.पी.ला देऊन ते ए.टी.पी. तयार करते व आकुंचनासाठी तत्काळ ऊर्जा उपलब्ध होते. पेशीपटलाला इजा झाल्यास हे विकर रक्तात झिरपते. म्हणजेच त्याची वाढ हा स्वतः रोग नसून इजेची खूण आहे. सेत्सुरो एबाशी व सहकाऱ्यांनी १९५९ मध्ये मस्क्युलर डिस्ट्रॉफीच्या रुग्णांत ही वाढ दाखवून दिली.

कारणे : सवय नसलेल्या जड व्यायामानंतर ही पातळी काही दिवस वाढलेली राहते व विश्रांतीने ओसरते. स्नायूत दिलेले इंजेक्शन, आकडी, थायरॉइडची न्यूनता, मद्यपान व स्टॅटिन औषधे ही अन्य कारणे होत. पिळदार शरीराच्या व्यक्तींत मूळ पातळीच अधिक असू शकते. म्हणून लक्षणे नसल्यास काही दिवस व्यायाम थांबवून तपासणी पुन्हा करणे इष्ट ठरते.

दोन चुका : ए.एस.टी. व ए.एल.टी. ही विकरे यकृताप्रमाणे स्नायूंतही असतात. त्यामुळे ड्युशेन विकार असलेल्या बालकावर यकृतरोगाचा शिक्का बसून निदान लांबू शकते. अशा वेळी सी.पी.के. तपासल्यास दिशा मिळते. दुसरी चूक म्हणजे आकडा पाहून स्टॅटिन परस्पर बंद करणे. स्नायूंच्या गंभीर हानीमुळे सेरिव्हास्टॅटिन २००१ मध्ये बाजारातून मागे घेण्यात आले, हे खरे; तथापि किरकोळ वाढीसाठी हृदयरक्षक औषध सोडणे अधिक घातक ठरू शकते. हा निर्णय वैद्यांचाच.

धोक्याची खूण : तीव्र स्नायुवेदना, अशक्तपणा व चहासारखी गडद लघवी यांसह पातळी सामान्य मर्यादेच्या पाचपटीहून अधिक असल्यास रॅब्डोमायोलिसिसची शंका घ्यावी. मायोग्लोबिनमुळे मूत्रपिंड निकामी होऊ शकते. तातडीने रुग्णालय गाठावे.

समारोप : सारांश, आकडा एकटा वाचू नये. मागील आठवड्यातील श्रम, चालू औषधे व लक्षणे यांच्या जोडीनेच तो अर्थपूर्ण ठरतो. क्रीडा सरावानंतर असा अहवाल घेऊन आलेल्या विद्यार्थ्याला आपण प्रथम हेच प्रश्न विचारावेत.