आडात अडकलेला उजेड

आठ-दहा वर्षं उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीच्या पिवळट हेडलाइटवर एक तांब्या पाणी ओतून बघा. पाणी अंगावर आहे तोवर काच नव्यासारखी दिसते. आतला बल्ब, त्यामागचा चकचकीत रिफ्लेक्टर, सगळं स्वच्छ. पाणी ओघळलं, वारं लागलं, की पुन्हा तीच दुधावरची साय. हा चमत्कार नाही, निदान आहे. पाण्याने काच क्षणभर स्वच्छ झाली, म्हणजे दोष वरच्या कातडीचाच आहे आणि तो घरी बरा होऊ शकतो. पाणी ओतूनही काच धुरकटच राहिली, तर रोग खोल गेलाय किंवा आतल्या बाजूला आहे. मग घासून हात दुखवण्यात अर्थ नाही.

ही तांब्याभर पाण्याची पारख जामखेड तालुक्यातल्या खर्ड्यासारख्या गावात प्रत्येक गाडीवाल्याने एकदा करावी. कारण इथे दिवसाचं ऊन आणि रात्रीचा रस्ता, दोन्ही कडक. उन्हाळ्यात गाड्या दारापुढे उघड्यावर तापत उभ्या असतात. गाळप हंगाम सुरू झाला की रात्री-अपरात्री उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर येतात. एका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, उसाची वाढी मागे लोंबलेली, त्यात लाल रिफ्लेक्टर असला तरी झाकलेला. बैलगाडीला तर तोही बऱ्याचदा नसतो. बार्शीकडून किंवा जामखेडकडून घरी परतणाऱ्याला हे सगळं दिसणार ते फक्त स्वतःच्या फोकसमध्ये.

अंधारात नीट न दिसण्याची किंमत या गावाने इतिहासातही पाहिली आहे. ११ मार्च १७९५ रोजी मराठे आणि निजाम यांची लढाई याच मुलखात झाली. त्या रात्री मराठ्यांची एक लहान तुकडी घोड्यांना पाणी पाजायला ओढ्यावर आली आणि तिथे असलेल्या निजामाच्या माणसांनी गोळ्या झाडल्या. समोर नेमके किती जण आहेत हे कुणालाच दिसत नव्हतं. झोपेतून उठलेल्या निजामाच्या फौजेने अंधारातच बार काढले, एकच गोंधळ उडाला, आणि निजामाने खर्ड्याच्या किल्ल्याचा आसरा घेतला. पुढे कोंडीत सापडून त्याला तह करावा लागला. पराभवाची कारणं अनेक होती. पण त्या रात्री अंधाराने मराठ्यांची बाजू घेतली एवढं खरं. रस्त्यावरचा अंधार मात्र कुणाचीच बाजू घेत नाही.

काच म्हणतो, पण ती काच नाही

आपण सवयीने ‘हेडलाइटची काच’ म्हणतो. अॅम्बॅसेडर, पद्मिनी, जुनी जीप यांच्या गोल दिव्यांना खरोखरच काच होती. दगड लागला तर ती फुटायची, पण उन्हाने कधी पिवळी पडली नाही. आजच्या गाड्यांना असतं ते पॉलिकार्बोनेट नावाचं प्लास्टिक. १९५३ मध्ये जर्मनीत बायर कंपनीत हेर्मान श्नेल आणि अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकमध्ये डॅनियल फॉक्स यांनी ते एकमेकांपासून स्वतंत्रपणे बनवलं. वजनाला हलकं, हातोडीला दाद न देणारं आणि हवं तसं वळवता येणारं. अमेरिकेने १९८३ मध्ये प्लास्टिकच्या हेडलाइटला परवानगी दिली आणि गाडीच्या चेहऱ्याचे आकारच बदलून गेले. गोल डोळे जाऊन तिरपे, लांबट, बॉनेटमध्ये मिसळलेले डोळे आले.

या गुणी प्लास्टिकची एक खोड आहे. सूर्याचे अतिनील किरण त्याला सोसत नाहीत. किरणांनी त्याच्या रेणूंची जुळणी बिघडते, पृष्ठभाग पिवळा पडतो, मग त्याला डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक भेगा जातात. हे ठाऊक असल्यामुळे कारखान्यातच त्यावर एक कडक पारदर्शक थर चढवलेला असतो. तो असतो फार तर दहा-पंधरा मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीपेक्षाही कितीतरी कमी. गाडीचा हेडलाइट म्हातारा होतो म्हणजे हा थर संपतो. ऊन त्याला आतून सैल करतं. वरून रस्त्याची धूळ, चिकटलेले किडे, कपड्यांची पावडर आणि कोरड्या फडक्याने खसाखसा पुसायची आपली सवय त्याला खरवडत जाते.

खडबडीत झालेल्या पृष्ठभागावर प्रकाश सरळ बाहेर न पडता चहूकडे विखुरतो. पाणी त्या खाचांमध्ये भरतं, पृष्ठभाग तेवढ्यापुरता सपाट होतो, म्हणून ओली काच स्वच्छ दिसते. घासून आणि लेप देऊन आपल्याला करायचं आहे ते इतकंच: पाण्याने क्षणभर केलेलं काम कायमचं करणं.

बल्बला दोष देऊ नका

रात्री रस्ता दिसेना झाला की पहिला विचार येतो तो बल्बचा. दुकानदार जास्त वॉटचा बल्ब काढून देतो, किंवा पांढराशुभ्र एलईडी. ‘आडात नाही तर पोहऱ्यात कुठून’ असं आपण म्हणतो. इथे उलटं आहे. आडात भरपूर आहे, पोहराच धड नाही. धुरकट काचेमागे जितका जास्त उजेड कोंबावा तितका तो जास्त विखुरतो. रस्ता फारसा उजळत नाही, समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांवर मात्र अंधारी येते. तुम्ही डिपर दिलात तरी त्याला तो अप्परच वाटतो. शिवाय कंपनीने दिलेल्या ६०/५५ वॉटच्या जागी १०० वॉटचा बल्ब बसवला, तर होल्डर आणि वायरिंग वितळण्याची आणि रिफ्लेक्टर काळा पडण्याची भीती असते ती वेगळीच.

काच किती उजेड खाते याचा अंदाज अमेरिकेतल्या ट्रिपल-ए या वाहनचालकांच्या संघटनेने २०१८ मध्ये घेतला होता. काही वर्षं वापरलेल्या गाड्यांचे धुरकट हेडलाइट डिपरवर नव्याच्या जेमतेम पाचव्या हिश्शाइतका उजेड देत होते. घरी घासून स्वच्छ केल्यावर तो सुमारे ७० टक्क्यांपर्यंत परत आला. पूर्ण शंभर मात्र नवीन हेडलाइट बसवल्यावरच मिळाले.

आपल्या रस्त्यावर याचा अर्थ काय होतो ते बघू. ताशी ८० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला २२ मीटर पुढे जाते. अडथळा दिसून पाय ब्रेकवर जायला दीड सेकंद धरला तर ३३ मीटर तिथेच गेले. कोरड्या रस्त्यावर गाडी थांबायला आणखी ३५-३६ मीटर लागतात. म्हणजे उसाची ट्रॉली निदान ७० मीटरवरून दिसायला हवी. आपल्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनी तर रात्री १५५ मीटरवरचा माणूस आणि वाहन स्पष्ट दिसेल असा दिवा मागितला आहे.

रविवारच्या सकाळचं काम

सामान फार लागत नाही. पेंटच्या दुकानात मिळणारा काळा वॉटर पेपर ८००, १२०० आणि २००० नंबरचा (मिळाला तर ३००० चाही), मास्किंग टेप, थोडं रबिंग कंपाउंड, मऊ मायक्रोफायबर फडकं, बादलीभर पाणी आणि शेवटचा लेप. लेपाचं पुढे येईलच. वेळ धरा एका दिव्याला पाऊण ते एक तास. ऊन चढायच्या आत, सावलीत बसा. तापलेल्या प्लास्टिकवर पाणी टिकत नाही आणि लेपही नीट बसत नाही.

आधी हेडलाइट शॅम्पूच्या पाण्याने धुऊन घ्या. मातीचा एक कण जरी पेपरखाली सापडला तरी तो खोल ओरखडा मारतो. मग भोवतीच्या पत्र्यावर आणि बंपरवर मास्किंग टेपचे दोन थर द्या. घासण्याच्या भरात हात निसटतोच, आणि हेडलाइट उजळला पण बॉनेटचा रंग गेला अशी गत होते.

पेपर पाण्यात पाच-दहा मिनिटं भिजू द्या. ८०० नंबरने आडवं घासायला सुरुवात करा. जोर लावू नका. पेपर आणि काच दोन्ही सतत ओली ठेवा. सुरुवातीला पिवळसर, दुधाळ पाणी गळेल. तो मेलेला थर निघतोय. पाणी पांढरं येऊ लागलं आणि सगळीकडे सारखा धुरकटपणा आला की थांबा. इथे बहुतेकांचा धीर सुटतो, कारण हेडलाइट आधीपेक्षा वाईट दिसतो. घाबरू नका, तो तसाच दिसायला हवा.

आता १२०० नंबरने उभं घासा, मग २००० ने पुन्हा आडवं. दिशा बदलण्यामागे युक्ती आहे. आधीच्या पेपरच्या आडव्या रेघा उभ्या घासण्यात पूर्ण गेल्या की पुढच्या नंबरला जायचं. एकही रेघ मागे राहिली तर शेवटी उन्हात तीच चमकते. प्रत्येक नंबरनंतर धुऊन, पुसून बघा. मग कंपाउंड फडक्यावर घेऊन गोल-गोल फिरवा. ड्रिलला लावायचं बफिंग पॅड असेल तर काम लवकर होतं. पण एका जागी रेंगाळू नका, प्लास्टिक तापून भाजतं. काच आरपार दिसू लागेल. शेवटचं धुणं पिण्याच्या पाण्याने करा. बोअरचं जड पाणी वाळल्यावर क्षारांचे पांढरे डाग ठेवतं आणि ते लेपाखाली कायमचे अडकतात.

जी पायरी सगळे गाळतात

मी पहिल्यांदा हे काम केलं तेव्हा इथेच थांबलो होतो. काच इतकी लखलखीत झाली होती की आणखी काही करायचं सुचलंच नाही. एक उन्हाळा गेला आणि हेडलाइट पहिल्यापेक्षा जास्त पिवळे झाले. चूक साधी होती. घासताना मी खराब थराबरोबर उरलासुरला चांगला थरही काढला होता आणि उघडं प्लास्टिक उन्हात ठेवलं होतं. कातडी सोलायची आणि वर पांघरूण घालायचं नाही, तर दुसरं काय होणार!

म्हणून घासणं हे निम्मंच काम. उरलेलं निम्मं म्हणजे अतिनील किरण अडवणारा पारदर्शक लेप. हेडलाइटसाठीच बनवलेला, फडक्याने पुसून लावायचा लेप मिळतो. हार्डनर मिसळून फवारायचा दोन भागांचा क्लिअर कोट जास्त टिकतो, पण त्याची वाफ फुप्फुसांना घातक असते. तो गाडी रंगवणाऱ्याकडूनच मारून घ्यावा. लेपाआधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने काच पुसा, बोट लावू नका, आणि डब्यावर लिहिलेल्या वेळेपर्यंत धूळ-पाण्यापासून जपा. लाकडाला मारायचं साधं लॅकर इथे चालत नाही. त्यात अतिनील किरण अडवण्याची सोय नसते आणि त्यातल्या थिनरने पॉलिकार्बोनेट तडकतं. नुसतं मेण लावलं तर दर महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा लावायची तयारी ठेवा.

टूथपेस्टचं काय?

टूथपेस्टने फरक पडतो हे खोटं नाही. तिच्यात बारीक खडूसारखी पूड असते, ती हलकं घासते. धुरकटपणा नुकताच सुरू झाला असेल तर काच उजळते, पण काही आठवड्यांपुरती, कारण वर लेप नाही. डास पळवायच्या मलमाने किंवा फवाऱ्यानेही काच झटकन चमकते. ती स्वच्छ झालेली नसते. त्यातल्या रसायनाने वरचं प्लास्टिक विरघळून चिकट झालेलं असतं. पेट्रोल, थिनर, नेलपॉलिश काढायचं द्रावण यांचंही तेच. आज चमक, उद्या भेगा.

काही दिवे घासून सुधारत नाहीत, हेही ओळखायला हवं. आत पाण्याचे थेंब जमत असतील तर सील गेलंय किंवा मागचं रबरी झाकण नीट बसलेलं नाही. रिफ्लेक्टरची चांदी उडाली असेल किंवा काचेला खोल तडे असतील, तर नवीन हेडलाइट घेणंच शहाणपणाचं. काम झाल्यावर रात्री गाडी भिंतीसमोर उभी करून फोकसही बघून घ्या. धुरकट काचेत खपून गेलेला वर चढलेला फोकस आता समोरच्याला थेट डोळ्यांत लागेल.

एवढं करून गाडी पुन्हा दिवसभर पश्चिमेच्या उन्हाकडे तोंड करून लावली, तर केलेलं पाण्यात. पत्र्याची शेड नसली तरी कडुनिंबाची सावली किंवा पुढच्या भागावर टाकलेलं जाड कापड पुरतं.

खंडेनवमी-दसऱ्याला आपण गाडी धुतो, झेंडूचा हार घालतो, हळदीकुंकू लावतो. त्यानंतर थोड्याच दिवसांत कारखान्यांची धुराडी पेटतात आणि उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर येतात. यंदा पूजेच्या आदल्या रविवारी दोन तास हेडलाइटना द्या, आणि शेवटचा लेप तेवढा विसरू नका.