अफूच्या मळ्यापासून रोग्याच्या उशापर्यंत

नीमच, मंदसोर व चितोडगड या भागांत सरकारी परवान्यानें अफूचें पीक काढतात. बोंडांना चिरा देऊन निघालेला चीक सरकारजमा होतो व नीमच आणि गाझीपूर येथील सरकारी कारखान्यांकडे जातो. याच चिकांत मॉर्फीन असतें. हाडांत शिरलेल्या कर्करोगाची कळ शमविण्यास याच्या साध्या गोळीइतकें स्वस्त व खात्रीचें औषध क्वचितच सांपडेल. तरीहि याच देशांतील असंख्य रोगी तिच्यावांचून तळमळत गेले.

इ. स. १९८५ सालीं मादक द्रव्यांचा कायदा झाला. चोरट्या व्यापारास आळा घालण्याचा त्याचा हेतु रास्तच होता. परंतु शिक्षा किमान दहा वर्षांची, आणि रुग्णालयांत गोळ्या ठेवावयाच्या तर निरनिराळ्या खात्यांचे परवाने हवेत; एक हातीं येईतों दुसऱ्याची मुदत सरे! औषधविक्रेत्यांनीं ही कटकटच नको म्हटलें, यांत नवल तें काय? पुढें डॉक्टरांच्या एका पिढीस हें औषध हाताळण्याचा सरावच राहिला नाहीं.

सन २०१४ मध्यें संसदेनें कायदा दुरुस्त केला. मॉर्फीनसह सहा औषधें अत्यावश्यक ठरलीं, आणि राज्याच्या औषध नियंत्रकाची एकच मान्यता पुरेशी झाली. केरळांत तर त्यापूर्वींच, १९९३ पासून, कालिकतच्या डॉक्टरांनीं व स्वयंसेवकांनीं रोग्याच्या दारीं जाऊन वेदनाशमनाचें काम उभें केलें होतें.

कागदावरचा अडसर असा सैल झाला. मनांतला मात्र तितका नाहीं. ‘व्यसन लागेल’ ही धास्ती सुशिक्षित घरांतहि आढळते. जागतिक आरोग्य संघटनेनें १९८६ मध्येंच कर्करोगाच्या वेदनेवरील उपचाराची पद्धति आंखून दिली: औषध शक्यतों तोंडानें द्यावें, कळ उठण्याची वाट न पाहतां ठराविक वेळीं द्यावें, आणि मात्रा वेदनेच्या मानानें वाढवावी. डॉक्टरांच्या देखरेखीखालीं असें दिल्यास अशा रोग्यांत व्यसन क्वचितच जडतें. बद्धकोष्ठ मात्र बहुधा होतोच. म्हणून सोबत रेचक देतात. सुरुवातीस येणारी गुंगी व मळमळ बहुधा थोड्या दिवसांत ओसरते.

‘मॉर्फीन म्हणजे शेवट’ हीहि एक समजूत आहे. तिच्यापायीं घरचीं माणसेंच ‘इतक्यांत नको’ म्हणून डॉक्टरांना थोपवितात. वास्तविक तें वेदनेवरचें औषध आहे. तें कधीं सुरू करावयाचें हें कळेच्या तीव्रतेवरून ठरतें, आयुष्याचे किती दिवस उरले यावरून नव्हे. कळ थांबली म्हणजे रोगी जेवतो, झोपतो, नातवंडांशीं दोन शब्द बोलतो.