मुक्काम बदलता, टपालाचे काय?

फाळणीनंतर वायव्य सरहद्द प्रांतातून आलेल्या निर्वासितांसाठी १९४९ पासून फरीदाबादेत नवी औद्योगिक वसाहत उभी राहिली. घर गमावलेल्यांच्या या नगरीत आजही फिरत्या माणसांची ये-जा असते. पुणे वा नाशिकहून यंत्रे बसविण्यास जाणारा मराठी तंत्रज्ञ चार महिन्यांत दोन खोल्या बदलतो. पत्र मात्र जुन्याच दारी जाते.

अशा प्रवाशांसाठी टपाल खात्याची 'पोस्ट रेस्टांट' ही जुनी सोय आहे. या फ्रेंच शब्दांचा आशय 'थांबून राहिलेले टपाल' असा. पाकिटावर पूर्ण नाव, हे दोन शब्द, टपाल कार्यालय आणि पिन लिहावा. पोस्टमन दारी येत नाही. प्रवाशानेच ओळखपत्र दाखवून, ठराविक मुदतीत, पत्र न्यावयाचे. निघण्यापूर्वी त्या कार्यालयात चौकशी केलेली बरी. वसाहतीचा पिन १२१००१. पिन पद्धती १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. तिचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर संस्कृत कवीही होते, हे अनेकांना ठाऊक नसते.

बँकेचे टपाल निराळे. डेबिट कार्ड वा धनादेश पुस्तिका सहसा खात्यात नोंदलेल्या पत्त्यावर निघते. आधारवर गावचा पत्ता असला, तरी आधारद्वारे ओळख पटविलेल्या ग्राहकाचे सध्याच्या पत्त्याविषयीचे स्वयंघोषणापत्र रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार ग्राह्य धरता येते. खोली सोडतानाच ते शाखेत द्यावे. कार्ड मागविल्यानंतर मुक्काम हलला असेल, तर जुन्या घरमालकाकडे विचारपूस करीत बसण्यापूर्वी शाखेला कळवावे. पाकीट सापडेपर्यंत कार्ड बंद ठेवता येते.